पाचगावचे 115 नियम

एप्रिल सरत आला की विदर्भाच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. अख्खं घर पहाटेच जंगलात जातं, ऊन चढायच्या आत पानं खुडून परततं आणि मग ओसरीत बसून पुडे बांधतं. एका पुड्यात 70 पानं. अशा हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी सगळे पुडे फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हंगाम थोड्या दिवसांचा, पण पेरणीच्या तोंडावर हातात रोख रक्कम ठेवणारं दुसरं काम या भागात क्वचितच मिळतं. बियाणं, पोरांच्या वह्या, लग्नाचं राहिलेलं देणं, बरंच काही याच पैशावर निघतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव हा पैसा घेत नाही. जंगल हाताशी आहे, पानं आहेत, घेणारेही आहेत. तरी गावाने ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. विडीला कोवळं, लवचिक पान लागतं. असं पान भरपूर यावं म्हणून तेंदूची झुडपं छाटतात आणि उन्हाळ्यात जंगलाची जमीन पेटवून देतात. राखेतून नवे धुमारे फुटतात, पानं चांगली मिळतात. पण त्या आगीत इतर झाडांची रोपं, जमिनीवरची अंडी, पालापाचोळ्यातले किडेमुंग्या असं सगळंच जळतं. पाचगावने हिशेब मांडला तेव्हा एका हंगामाच्या रोख रकमेपुढे जंगलाचं नुकसान जड भरलं. छाटणी थांबल्यावर झुडपांची झाडं होऊ लागली, त्यांना टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागली. ती पोरंही खातात आणि बाजारातही जातात.

हा निर्णय म्हणजे पाचगावच्या नियमावलीतला एक नियम. असे एकूण 115 नियम आहेत. जंगलातून काय आणायचं, किती आणायचं, कुठल्या भागाला हात लावायचा नाही, राखण कोणी करायची, हे सगळं गावकऱ्यांनी एकत्र बसून, बोलून, भांडून, शेवटी एकमताने लिहून काढलं. सुमारे 34 हेक्टरचं चांगलं जंगल त्यांनी देवराई म्हणून बाजूला काढलं. 2012 मध्ये गावाला हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतरची ही गोष्ट. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल कौतुकाने लिहिलं आहे.

शंभरही घरं नसलेलं एक गाव आपल्या कारभाराचे नियम स्वतः लिहितं आणि ते कायद्याच्या चौकटीत बसतात. हे कसं शक्य होतं?

अमेरिकेत हा प्रश्न कोणाला पडणार नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत काउंटीला, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याला, स्वतःची सनद असू शकते. कारभारी मंडळात किती लोक असावेत, कोण निवडून यावं, कोणाची नेमणूक व्हावी, हे त्या सनदेत लिहिलेलं असतं आणि तिच्यात बदल करायचा तर मतदारांना विचारावं लागतं. लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी अशी सनद 1912 मध्ये स्वीकारली. पाच जणांचं मंडळ तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या मतदारांनी थोड्याशा बहुमताने ठरवलं की आता मंडळ नऊ जणांचं असावं आणि काउंटीचा मुख्य कारभारीही थेट निवडून यावा. सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या जिल्ह्याने आपल्या सरकारचा नकाशा मतपेटीतून बदलला.

आपल्याकडे गावाला वा जिल्ह्याला अशी सनद लिहायची सोय नाही. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रातल्या गावाचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो आणि त्यातला स्वल्पविरामसुद्धा विधिमंडळच हलवू शकतं. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की निवडून आलेल्या सदस्यांनी, ही गावाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट! 2017 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला आणि गावांना तो वर्तमानपत्रातून कळला.

मग पाचगावला अधिकार आला कुठून?

त्याचं उत्तर 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. हा कायदा सहसा जंगलातल्या शेतजमिनीच्या पट्ट्यांसाठी ओळखला जातो. पण त्याच्या पोटात याहून मोठी तरतूद आहे. गाव जे जंगल परंपरेने राखत आणि वापरत आलं, त्याचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा. पुढे पाचव्या कलमात म्हटलं आहे की सामूहिक जंगलात कोणी काय करावं याचं नियमन करणारे आणि जंगलाला, वन्यप्राण्यांना घातक गोष्टी थांबवणारे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील याची खबरदारी ग्रामसभेने घ्यायची. नियम करायचे ग्रामसभेने, पाळायला लावायचे ग्रामसभेनेच. पाचगावचे 115 नियम या कलमाच्या पायावर उभे आहेत.

कायदा देशभराचा, कलम सगळ्यांना सारखंच. पण त्याचा असा वापर करता येतो हे सुचायला आधी कोणीतरी वाट पाडलेली असावी लागते. ती वाट पाडली शेजारच्या गडचिरोलीतल्या एका गावाने आणि तीही हा कायदा जन्माला यायच्या कितीतरी आधी.

गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. त्याच सुमारास इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली ही दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. जंगल आणि गावं पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं. त्यात बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालश्यामशहा होते आणि भागातले हजारो आदिवासी होते. धरणं थांबली. आंदोलन शमल्यावर मात्र काही जणांना एक प्रश्न सोडेना. धरण नको हे सांगून झालं, पण मग आपल्या गावात आपल्याला हवंय काय? चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल हाच प्रश्न घेऊन गाव शोधत निघाले आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याला पोचले. गावात देवाजी तोफा होते. पुढची गोष्ट या दोघांची आणि त्याहून जास्त चार-पाचशे वस्तीच्या त्या गोंड गावाची.

मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर गाजली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. घोषणा म्हणून ऐकली तर टाळ्या पडतात. कारभाराची रचना म्हणून वाचली की तिच्यातली बारकाई दिसते. दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारलेलं नाही, ते 'आमचं' म्हटलं आहे, कारण ते आपण निवडून देतो. गावात मात्र निवडून द्यायचं कोणाला? सगळे तर इथेच आहेत.

म्हणून मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. वाचणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की अशाने काहीच ठरणार नाही. पण यामागे विचारपूर्वक केलेली एक योजना आहे. गावाने अभ्यास आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात कोणीही यावं, बाहेरचा माणूसही चालेल. वनाधिकारी या, वकील या, प्राध्यापक या. तिथे माहिती घ्यायची, कायदा वाचायचा, वाद घालायचा. अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार मात्र नाही. निर्णय ग्रामसभेचा आणि ग्रामसभेत फक्त गाव. शिकलेल्या पाहुण्याचं ज्ञान घ्यायचं, त्याचा वरचष्मा होऊ द्यायचा नाही, याची इतकी साधी तजवीज मोठमोठ्या समित्यांनाही जमलेली नाही.

या पद्धतीने गावाने दारूबद्दल बोलणं सुरू केलं, त्यात बायका पुढे होत्या. घोटुल, म्हणजे गोंड तरुणांचं एकत्र जमण्याचं पारंपरिक घर, पुन्हा बांधायचं ठरवलं. जंगलातलं लाकूड आणून बांधलं तेव्हा वनखात्याने ते पाडलं. गावाने परत बांधलं. घोटुल पाडणाऱ्यांना तो एक लाकडी मांडव दिसला असेल, गावाच्या लेखी ती सभेची जागा होती.

1996 मध्ये पेसा कायदा आला. पंचायतींची घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना जशीच्या तशी लागू नव्हती, तिथे ती कशी न्यायची हे या कायद्याने ठरवलं. त्यातली गावाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. महसूल खात्याच्या नकाशावरची हद्द म्हणजे गाव, असं तो म्हणत नाही. जी वस्ती वा पाडा एक समाज म्हणून राहतो आणि आपल्या रूढीपरंपरेप्रमाणे आपला कारभार पाहतो, ते गाव. त्याचे महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये आले. एखाद्या पाड्याला आपण वेगळं गाव आहोत असं वाटलं, तर तिथल्या मतदारांनी ठराव करून तशी मागणी करायची वाट त्यांनी दाखवली. मोठ्या गटग्रामपंचायतीत दबून गेलेल्या वस्त्यांसाठी ही केवढी गोष्ट!

या नियमांच्या आधीच, 2006 मध्ये, वनहक्क कायदा आला होता. 2009 मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात असे हक्क मिळवणारी ही पहिली गावं. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगल आलं. आणि लगेच लक्षात आलं की हक्काचा कागद मिळाला तरी गाडी फाटकावरच अडते.

अडली ती बांबूवर. बांबू हे झाड आहे की गवत? वनस्पतिशास्त्र म्हणतं गवत. 1927 चा भारतीय वन कायदा म्हणत होता झाड. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो गौण वनोपज, म्हणजे गावाच्या मालकीची वस्तू. एकच रोपटं, तीन ओळखी. गावाने बांबू तोडला तरी तो रस्त्यावरून न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. माल आपला, विकायची मुभा नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला वर्षानुवर्षं याच जंगलपट्ट्यातून बांबू जात होता, हे शेजारी उघड दिसत असताना!

27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक म्हणजे छापील पावत्यांचा गठ्ठा. मालाचा तपशील भरायचा, सही करायची, शिक्का मारायचा. फक्त आता सही ग्रामसभेची, शिक्काही ग्रामसभेचा. सत्तांतर नावाची गोष्ट इतक्या लहान वस्तूत मावलेली फार कमी वेळा पाहायला मिळते. पुढे ग्रामसभेने बांबूचे लिलाव केले, कापणाऱ्यांना चांगली मजुरी दिली आणि गावाच्या खात्यात पैसा आला. पाचगावनेही हीच वाट धरली.

इथवरची गोष्ट जंगलाची झाली. 2013 मध्ये मेंढ्याने याच्याही पुढचं पाऊल टाकलं आणि हे पाऊल लॉस एंजेलिसच्या मतदारांनी जे केलं त्याच जातीचं आहे. गावाने आपल्या सरकारचा साचाच बदलायचं ठरवलं.

त्यासाठी वापरला तो कायदा जवळजवळ विस्मरणात गेलेला, 1964 चा महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम. विनोबांची भूदान चळवळ 1951 मध्ये पोचमपल्लीला सुरू झाली, तिचीच पुढची पायरी ग्रामदान. अनेक राज्यांनी त्यासाठी कायदे केले. ढोबळ अट अशी की गावातल्या किमान 75 टक्के जमीनमालकांनी आपल्या जमिनीची मालकी गावाला द्यावी आणि ती जमीन एकूण जमिनीच्या किमान 60 टक्के असावी. दिलेल्या जमिनीतला विसावा हिस्सा भूमिहीनांना. बाकीची जमीन कसणाऱ्याकडेच राहते, त्याच्या मुलाबाळांकडेही जाते, फक्त ती गावाबाहेरच्याला विकता येत नाही. अशा गावात ग्राममंडळ उभं राहतं आणि ग्रामपंचायतीचे अधिकार त्याच्याकडे येतात. गावाने आपल्या शासनाचं रूप आपणहून निवडावं, असं हे एक दार आपल्या कायद्यात साठ वर्षं होतं. बहुतेकांनी त्याच्याकडे जुन्या काळातली एक भाबडी कल्पना म्हणून पाहिलं. आसामने तर आपला ग्रामदान कायदा 2022 मध्ये मोडीतच काढला.

मेंढा तोवर लेखा या गटग्रामपंचायतीचा भाग होता, म्हणून तर जोडनाव मेंढा-लेखा. ग्रामसभेने ग्रामदान केलं, जमिनीची मालकी गावाच्या नावे केली. व्यवहारी माणूस विचारेल, हातची जमीन अशी सोडायची कशासाठी? कारण उघड आहे. जंगल सगळ्यांचं झालं पण शेत एकेकट्याचं राहिलं, तर अडचणीत सापडलेला एक जण ते बाहेरच्याला विकणार, मग दुसरा विकणार आणि काही वर्षांत ग्रामसभेत बसलेले लोक आणि जमिनीचे मालक वेगळे होणार. सहमतीचं सरकार टिकवायचं तर त्याच्या पायाखालची जमीनही सहमतीचीच हवी.

गावाने ठरवलं, पण सरकारदरबारी ते मानलं जायला दशक लागलं. प्रस्ताव फिरत राहिला. शेवटी ग्रामसभा 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली आणि 2024 च्या सुरुवातीला राज्य सरकारने मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा दिल्याची अधिसूचना निघाली. राज्याने केलेला कायदा राज्याकडूनच पाळून घ्यायला चार-पाचशे वस्तीच्या गावाला न्यायालयात जावं लागलं, हेही या गोष्टीत आहे. मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी 2025 मध्ये गेले, हा दिवस पाहूनच.

सहमतीला दोष नाहीत असं मुळीच नाही. ती वेळखाऊ असते. लहान गावात दबक्या आवाजाचा माणूस वा नवी सून 'नाही' म्हणायला धजत नाही आणि गप्प बसणं हेच होकार धरलं जातं. म्हणून गुप्त मतदानाचीही किंमत आहे आणि तीही याच भागाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, दोनच चिन्हं. दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीवर पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या! नवऱ्यासमोर बोलू न शकणारी बाई पडद्याआड ठसा उमटवू शकते, ही ताकद हात वर करण्याच्या सभेत नाही.

पण चंद्रपूरच्याच दारूबंदीने दुसरी बाजूही दाखवली. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने आंदोलन उभं केलं, बायका चिमूरहून नागपूरला पायी गेल्या, 588 ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. 2015 मध्ये जिल्ह्यात बंदी आली. 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर चंद्रपुरात आजही दोन तट पडतील. रचनेच्या नजरेने पाहिलं तर गावांचा ठराव ही विनंती होती, निर्णय दोन्ही वेळा वरून झाला. पाचगावच्या तेंदूबंदीचं तसं नाही. ती उठवायची तर पाचगावलाच बसावं लागेल.

मतपेटीतून होणाऱ्या बदलाची आणखी एक मर्यादा लॉस एंजेलिसनेच दाखवली. 2020 मध्ये तिथल्या मतदारांनी काउंटीच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग समाजोपयोगी कामांसाठी राखायचा, असं सनदेत घातलं होतं. 2024 च्या बदलाचा मसुदा लिहिताना ते कलम नजरचुकीने गळालं. मतदान झालं, मसुदा मंजूर झाला आणि एक जुना निर्णय त्यात पुसला गेल्याचं 2025 मध्ये ध्यानात आलं. लाखो लोकांनी मत दिलं, पण ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. पाचगावच्या 115 नियमांत असा नियम गळाला, तर तो गळलाय हे दुसऱ्या दिवशी जंगलात राखणीला जाणाऱ्यालाच कळेल, कारण नियम लिहिणारा आणि पाळणारा माणूस एकच आहे.

गडचिरोलीत आज हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यातली सगळीच मेंढा वा पाचगाव झालेली नाहीत. कित्येक ठिकाणी कागद पेटीत आहे आणि कारभार जुनाच आहे. कायदा दार दाखवतो, आत जायचं की नाही हे सभेला किती जण बसतात यावर ठरतं.

आणि सभेची गोष्ट निघालीच आहे, तर ती फक्त आदिवासी भागाची नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, असं 1958 चा कायदा सांगतो. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे कायद्याने गृहीत धरलं आहे की आपण येणार नाही आणि आपल्यावाचून चालवायची सोयही करून ठेवली आहे. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामपंचायतीत मागून पाहा. ती सभा भरली होती की तहकूब होऊन उरकली, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.